पवित्र आठवड्यातील घरची उपासना आणि मराठी ख्रिस्ती गीते



आजचा पाठ एका साध्या प्रसंगापासून सुरू करूया. समजा, पंचवटीत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघे आता साथ देत नाहीत. आयुष्यभर त्या गोदावरी ओलांडून शरणपूरच्या चर्चमध्ये उपासनेला गेल्या. आज उत्तम शुक्रवार आहे. नातवाने मोबाइल डब्याला टेकवून ठेवला, चर्चमधली उपासना थेट लावून दिली आणि तो खाली खेळायला पळाला. आजी समोर बसून बघतायत. मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि उपासना थांबली. परत लावायची कशी, हे आजींना येत नाही.

आता सांगा, आजी उपासनेला होत्या का?

लगेच उत्तर देऊ नका. या पाठाच्या शेवटी आपण परत या प्रश्नाकडे येणार आहोत. तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, हा प्रश्न तुमच्याही घरातला आहे. २०२० साल आठवून बघा. २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागली. त्या २१ दिवसांत २ एप्रिलला रामनवमी आली, ८ एप्रिलला हनुमान जयंती आली आणि १२ एप्रिलला ईस्टर आला. काळाराम मंदिर भाविकांसाठी बंद, चर्चही बंद. पंचवटीतल्या माणसांनी रामजन्म घरीच साजरा केला आणि नदीपलीकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी येशूचे पुनरुत्थानही घरीच साजरे केले. त्या वर्षी दोघांनाही एकच अडचण होती : देवळात जाता येत नाही, मग घरातून सहभागी कसे व्हायचे?

१. आधी हा काळ समजून घेऊ

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक ४० दिवसांचा उपवासकाळ पाळतात. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. तुम्ही दिनदर्शिका घेऊन मोजलेत तर दिवस ४६ भरतील! घाबरू नका, गणित चुकलेले नाही. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाच्या आनंदाचा दिवस मानला जातो.

या काळाचा शेवटचा आठवडा म्हणजे पवित्र आठवडा. त्यातले मुख्य दिवस असे :

• झावळ्यांचा रविवार : येशू यरुशलेमेत आला, तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचे स्वागत केले.
• पवित्र गुरुवार : शिष्यांबरोबरचे शेवटचे भोजन. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो दिवस.
• उत्तम शुक्रवार (काही जण शुभ शुक्रवारही म्हणतात) : वधस्तंभावरील मृत्यूची आठवण.
• पवित्र शनिवार : कबरेजवळची शांतता.
• ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, ते का? २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. (ही पौर्णिमा चर्चच्या जुन्या कोष्टकावरून काढतात, त्यामुळे कधीकधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.) आपल्या पंचांगात बघितले तर ती बहुधा फाल्गुनातली किंवा चैत्रातली पौर्णिमा असते. २०२० मध्ये चैत्री पौर्णिमा ८ एप्रिलला होती आणि ईस्टर १२ एप्रिलला. २०२१ मध्ये २८ मार्चला होळीपौर्णिमा झाली आणि ४ एप्रिलला ईस्टर आला. म्हणजे रामकुंडावर जो चंद्र दिसतो, त्याच चंद्रावर हाही सण ठरतो.

२. पहिली उपासना कुठे झाली होती?

आपल्याला वाटते की उपासना म्हणजे चर्चची इमारत, उंच छत, घंटा आणि ऑर्गन. पण बायबलमध्ये बघा. ज्या गुरुवारच्या भोजनाची आठवण आज जगभर केली जाते, ते भोजन कुठल्याही मंदिरात झाले नव्हते. एका घराच्या माडीवरच्या खोलीत झाले होते, आणि तीही दुसऱ्याची खोली होती. तो वल्हांडण सणाचा काळ होता. यहुदी लोकांचा हा सण आजही घरातच, जेवणाच्या ताटाभोवती साजरा होतो.

आणखी एक गोष्ट बारकाईने वाचा. मत्तय २६:३० आणि मार्क १४:२६ या दोन्ही ठिकाणी लिहिले आहे की भोजनानंतर त्यांनी गीत गायिले आणि मग ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले. वल्हांडणाच्या वेळी स्तोत्रसंहितेतील ११३ ते ११८ ही स्तोत्रे गाण्याची परंपरा आहे. तेव्हा ते गीत त्यांतलेच असावे, असे अभ्यासक मानतात. थोडक्यात, उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री घरातली माणसे गात होती. वाद्ये होती असा उल्लेख नाही. हातात पुस्तक असण्याचा तर प्रश्नच नव्हता, स्तोत्रे पाठ होती.

ईस्टरच्या संध्याकाळचेही तसेच. योहान २०:१९ मध्ये शिष्य घाबरून दारे लावून घरात बसले आहेत आणि तिथेच त्यांना येशू भेटतो. पुढे पौलाच्या पत्रांतही घरात भरणाऱ्या मंडळीचे उल्लेख येतात. चर्चच्या मोठ्या इमारती त्यानंतर खूप वर्षांनी आल्या. त्यामुळे घरातली उपासना म्हणजे ‘नाइलाजाने केलेली, कमी दर्जाची’ असे समजायचे कारण नाही.

३. रेडिओपासून मोबाइलपर्यंत

चर्चमधला आवाज घरात आणायचा प्रयत्न मात्र यंत्रांच्या युगातला आहे. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातील कॅल्व्हरी चर्चची उपासना केडीकेए या केंद्रावरून रेडिओवर ऐकवली गेली. इंग्लंडमध्ये बीबीसीने जानेवारी १९२८ पासून रोजची प्रार्थना प्रसारित करायला सुरुवात केली. आजारी, वृद्ध, दूर राहणारी माणसे रेडिओजवळ बसून ऐकू लागली. त्यांच्यासाठी तो फार मोठा आधार होता.

पण रेडिओने आणि नंतर पडद्याने एक सवयही लावली. आपण नुसते ऐकणारे आणि बघणारे झालो. क्रिकेटचा सामना बघणारा माणूस खेळाडू नसतो, हो ना? तसेच काहीसे.

२०२० च्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे १० एप्रिलला, जर्मनीतल्या लाइपझिग शहरात यावर एक सुंदर उपाय केला गेला. तिथल्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाख हा थोर संगीतकार काम करत असे. त्याची समाधीही आज तिथेच आहे. त्याने योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाची कथा संगीतात बांधली होती आणि ती १७२४ च्या उत्तम शुक्रवारी लाइपझिगमध्येच पहिल्यांदा सादर झाली. एरवी या रचनेला मोठा गायकवृंद आणि वाद्यवृंद लागतो. टाळेबंदीत तो आणायचा कुठून? मग बाखच्या समाधीभोवती मोजकीच माणसे जमली. एका गायकाने जवळजवळ सगळी कथा गायिली. साथीला कळफलकाची वाद्ये आणि तालवाद्ये, आणि मधल्या गीतांसाठी जेमतेम काही गायक, तेही अंतर ठेवून उभे.

कथेच्या मधे मधे मंडळीची साधी, संथ गीते येतात. त्यांची स्वरलिपी आधीच लोकांपर्यंत पोचवली होती. ठिकठिकाणच्या लोकांना सांगितले होते की ही गीते आली की तुम्ही तुमच्या घरातून गा. लोक आपापल्या खोलीत उभे राहून गायले.

इथे थोडे थांबा आणि विचार करा. पडदा तोच, मोबाइल तोच. मग फरक कशाने पडला? गीत आधी हातात आले होते आणि घरातल्या माणसाला त्याचे काम दिले होते. आजींच्या प्रसंगात नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

४. मराठी गीत घरातल्या गळ्यासाठीच घडले

आता आपल्या मुलखात येऊ. मराठी ख्रिस्ती गीतांकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ती ओवी, अभंग, भजन, आरती, कीर्तन या आपल्या घरातल्या आणि अंगणातल्या प्रकारांत लिहिलेली आहेत.

याची सुरुवात फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ मध्ये छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या! लोकांना आपापल्या भाषेत, पुराण ऐकायच्या सवयीनेच, येशूची कथा ऐकता यावी हा त्यामागचा हेतू होता.

पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने आणि गीते रचली. आणि मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेचे कवी, फुलामुलांचे कवी, तेच हे टिळक. त्यांचे काही शिक्षण आपल्या नाशिकमध्ये झाले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण तुकोबांना सोडले नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्यांच्या संग्रहाचे नावच बघा : ‘अभंगांजली’. आज मराठी मंडळ्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) तर आपल्या शेजारच्याच. नाशिकजवळचे जलालपूर हे त्यांचे जन्मगाव. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे परत आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. शाळेत जाऊन शिकलेल्या नसतानाही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे मोठे कामही त्यांनी केले. त्यांचे अखेरचे दिवस नाशिकमध्येच गेले.

सुरुवातीला ज्या शरणपूरचे नाव आले, तेही समजून घ्या. ही वसाहत १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. शरण आलेल्यांचे गाव, असा नावाचा सरळ अर्थ. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे राहिली आणि शिकली. घरापासून तुटलेल्या माणसांना आधार देणे ही त्या जागेची जुनी ओळख आहे.

आता अभंग घरात इतका सोपा का जातो, ते पाहू. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक जुळते. समजण्यासाठी मी एक साधा चौक तयार केला आहे :

नदीच्या काठाशी । उजळते पाणी ।
ऐकू येती गाणी । पहाटेची ॥

बोटांवर मोजा : ६, ६, ६, ४. शेवटचा चरण आखूड आहे, म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळते. यमकामुळे पुढचा शब्द आपोआप ओठांवर येतो. टाळ्यांवर म्हणता येते, पेटी नसली तरी चालते. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाला पुस्तक लागत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही शंभर अभंग पाठ असत, ते या बांधणीमुळे. हीच बांधणी ख्रिस्ती गीताने घेतली. म्हणूनच आपल्या त्या आजींच्या गळ्यात, कुठलेही पुस्तक न उघडता, कितीतरी गीते असतील.

इथे एक काळजीची गोष्ट सांगतो. पुस्तकात शब्द छापलेले असतात, पण चाल त्यातून ऐकू येत नाही. ती गळ्यातून गळ्यात जाते. आजींना नुसते पडद्यासमोर बसवून ठेवले, तर त्यांच्याकडच्या चाली कोण शिकणार? एखादी जुनी चाल ज्या शेवटच्या माणसाला येते, तो माणूस गेला की गीत पुस्तकात उरते आणि गाणे संपते.

५. घरी नेमके काय करायचे?

*पूर्वतयारी*

१. चर्चमधून उपासनेचा क्रम आणि गीतांचे क्रमांक आधीच विचारून घ्या. लाइपझिगचा धडा हाच.
२. गीताचे शब्द वहीवर मोठ्या अक्षरात लिहा. आजी-आजोबांना चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे.
३. घरातल्या प्रत्येकाला एक काम द्या : कुणी शास्त्रपाठ वाचेल, कुणी गीत सुरू करेल, कुणी मेणबत्ती लावेल. गीताची सुरुवात शक्यतो आजींनीच करावी.
४. पट्टी खाली घ्या. वय वाढले की आवाज खाली उतरतो. नेहमीपेक्षा दोन-तीन सूर खाली गायले तर आजींना ताण येत नाही आणि मुलांनाही जमते.
५. थेट प्रक्षेपण लावणार असाल, तर येणारे फोन बंद ठेवा आणि फोन आधीच चार्ज करा. उपासना संपेपर्यंत घरातले एक माणूस तिथेच बसले पाहिजे. चर्चमध्ये लोक उभे राहिले की आपणही उभे राहायचे. आजींनी बसूनच गायले तरी चालेल.

*फोनवर एकत्र गाताना सूर का जुळत नाहीत?*

हा विज्ञानाचा प्रश्न आहे. आवाजाचे आधी आकड्यांत रूपांतर होते, मग तो जाळ्यातून जातो आणि समोर पुन्हा आवाज होतो. यात थोडा वेळ जातो. सेकंदाच्या तीसाव्या भागाच्या आसपास उशीर झाला तरी एकत्र गाणाऱ्यांचा ताल डगमगू लागतो, आणि व्हिडिओ कॉलवर उशीर बहुधा त्याहून कितीतरी जास्त असतो. तुम्ही पहिल्या ओळीवर असता आणि पुण्यातली मावशी अजून धृपदावरच! मग ‘तू थांब, मी थांबते’ सुरू होते.

उपाय आपल्या भजनातच आहे. एकाने ओळ म्हणायची, ती पूर्ण झाली की दुसऱ्याने तीच ओळ उचलायची. आलटून पालटून म्हटले तर उशीर जाणवत नाही. किंवा एकच माणूस आवाज चालू ठेवून गातो आणि बाकीचे आपला माइक बंद करून आपापल्या घरात मोठ्याने गातात.

*दिवसांप्रमाणे सोपा क्रम*

झावळ्यांचा रविवार : एखादी झावळी किंवा हिरवी फांदी घ्या. लहान मुलांनी ती हातात धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गात जावे. ‘होसान्ना’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आम्हाला वाचव’ असा आहे. तो मुलांना सांगा.

पवित्र गुरुवार : रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्र करा, टीव्ही बंद ठेवून. जेवण झाल्यावर ताटे उचलण्याआधी एक गीत म्हणा. पहिल्या गुरुवारी असेच झाले होते. शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसाचे पाय कोमट पाण्याने धुवा. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना तर हे किती बरे वाटेल!

उत्तम शुक्रवार : अनेक चर्चमध्ये दुपारी १२ ते ३ या वेळात उपासना असते आणि वधस्तंभावरील येशूच्या सात उद्गारांवर मनन होते. घरी हे सात पाठ वाटून घ्या : लूक २३:३४, लूक २३:४३, योहान १९:२६-२७, मत्तय २७:४६, योहान १९:२८, योहान १९:३० आणि लूक २३:४६. प्रत्येक पाठानंतर दोन मिनिटे शांत बसा आणि एक कडवे म्हणा. कॅथलिक कुटुंबांत चौदा टप्प्यांची क्रूसाची वाट करतात. घराच्या भिंतींवर एक ते चौदा आकड्यांच्या चिठ्ठ्या लावूनही ती करता येते.

आणि हो, ‘आमच्याकडे पेटी नाही, तबला नाही’ म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कॅथलिक परंपरेत गुरुवारच्या सायंउपासनेतील महिमागीतापासून ईस्टरच्या जागरणविधीतील महिमागीतापर्यंत चर्चची घंटाही गप्प असते आणि ऑर्गन फक्त गळ्याला आधार देण्यापुरता वाजतो. या दिवसांत मोठे चर्चही तुमच्या घरासारखेच साधे गाते.

पवित्र शनिवार : आज गीत नाही. शांत राहणे हीसुद्धा उपासना आहे. ज्या घरात नुकतेच कुणी गेले असेल, त्यांना एक फोन करा.

ईस्टर : पहाटे उठा. बायबलमध्ये स्त्रिया पहाटेच कबरेकडे गेल्या होत्या. योहानाचा २० वा अध्याय वाचा आणि मग मोकळ्या गळ्याने गा. टाळ्या, झांज, ढोलकी, जे असेल ते. फक्त शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास चालू असेल तर ढोलकी हळू. नंतर त्यांना गोड द्यायला विसरू नका.

६. घरून काय होत नाही?

इथे खरे बोलले पाहिजे. सगळेच काही घरून होत नाही. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फोनमधून येत नाही. २०२० मध्ये काही मंडळ्यांनी लोकांना आपापल्या घरी भाकर ठेवायला सांगितले, तर काहींनी ‘पुन्हा एकत्र येईपर्यंत थांबूया’ असे सांगितले. कॅथलिक परंपरेत अशा वेळी मनाने प्रभूला स्वीकारण्याची प्रार्थना करतात. याबाबत आपल्या पाळकांना किंवा फादरना विचारावे हेच बरे. ते आजारी माणसाच्या घरी येऊन प्रभुभोजन देतात. पण कोण घरी अडकले आहे, हे कुणीतरी त्यांना कळवायला हवे. ते काम तुम्ही करू शकता.

दुसरे म्हणजे माणसांचा सहवास. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण, उपासनेनंतरच्या गप्पा, ‘किती दिवसांनी दिसलात!’ हे कुठल्याही पडद्यावर मिळत नाही. म्हणून ज्यांना जाता येते, त्यांनी ‘घरीच बघतो’ म्हणत आळस करू नये. आणि ज्यांना जाता येत नाही, त्यांच्याकडे चर्चमधल्या चार माणसांनी जाऊन दोन गीते म्हणावीत. तिसरा मजला आजींना चढता-उतरता येत नाही, तुम्हाला तर येतो ना?

७. पुन्हा त्या आजींकडे

सुरुवातीचा प्रश्न आठवतो? आजी उपासनेला होत्या का?

त्या मनाने होत्या, यात शंका नाही. पण घरातल्या माणसांनी त्यांना एकटे सोडले होते. आता तोच प्रसंग दुसऱ्या प्रकारे बघा. नातू शेजारी बसला आहे. वहीवर मोठ्या अक्षरात गीत लिहिलेले आहे, पण आजी वहीकडे बघतच नाहीत, त्यांना पाठ आहे. नातू दुसऱ्या ओळीवर चाल चुकतो. आजी हाताने त्याला थांबवतात आणि ती ओळ पुन्हा म्हणून दाखवतात. मध्येच फोनची रेंज जाते, पडदा काळा होतो. पण गाणे थांबत नाही, कारण ते फोनमधून येतच नव्हते.

यंदा असे एखादे घर तुमच्या माहितीत असेल, तर नक्की जा. सोबत वही घेऊन जा.

शब्दार्थ

• उपवासकाळ : ईस्टरपूर्वीचा ४० दिवसांचा व्रताचा काळ
• वधस्तंभ : क्रूस
• वल्हांडण : मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेची आठवण करणारा यहुदी सण
• मंडळी : एका चर्चचे सर्व भाविक मिळून होणारा समाज
• पाळक : प्रॉटेस्टंट मंडळीचे धर्मगुरू
• पट्टी : गाण्यासाठी निवडलेला मूळ सूर

स्वाध्याय

१. उपवासकाळ ४० दिवसांचा असूनही दिनदर्शिकेवर ४६ दिवस का भरतात?
२. लाइपझिगच्या प्रयोगात घरातले लोक केवळ प्रेक्षक का राहिले नाहीत? दोन कारणे लिहा.
३. मोठ्या अभंगाची अक्षररचना सांगा. तुमच्या परिसरावर त्या रचनेत एक चौक स्वतः रचा.
४. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाताना ताल का चुकतो? त्यावर उपाय सुचवा.
५. *उपक्रम :* तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीकडून एक जुने भक्तिगीत चालीसह शिका, मग ते कोणत्याही धर्माचे असो. त्यांनी ते कुणाकडून, कुठे आणि कोणत्या वयात शिकले, ते विचारून वहीत लिहा. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित करून घरात जपून ठेवा.